नादारीचा अर्ज : ऋणकोच्या सुटकेचा इतिहास

'नादार' हा शब्द आम्हां जुन्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्या मुलाच्या पालकांची फी भरण्याची ऐपत नसे त्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे जाई, आणि तो मंजूर झाला म्हणजे त्या मुलास 'नादारी मिळाली' असे म्हणत. त्या दिवशी घरी आई देवापुढे साखर ठेवी. शब्द मूळचा फारसी. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. परंतु हाच शब्द दिवाणी कोर्टाची पायरी चढला म्हणजे त्याचा अर्थ फार गंभीर होतो. तेथे नादारीचा अर्ज म्हणजे, 'माझी देणी माझ्या ऐपतीबाहेर गेली आहेत, माझे जे काही असेल ते कोर्टाने ताब्यात घेऊन धनकोंत वाटावे आणि मला या बंधनातून सोडवावे', अशी ऋणकोने केलेली विनंती होय. व्यापारी लोकांच्या भाषेत हेच 'दिवाळे'. पूर्वी पेढी बुडाली म्हणजे सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, तो पाहून धनको काय ते समजत, आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे जुने लोक सांगत असत.

या विषयाकडे मी वळलो तो एका ट्रंकेमुळे. वडिलांच्या पश्चात घर आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. तीत पंचांगे, एक रुमाल, एक लांबट वही आणि दोऱ्याने बांधलेले काही कोर्टाचे कागद होते. आजोबा तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालवीत व पुढे शिवणकाम करीत, एवढेच मला ठाऊक होते. दुकान कसे गेले हे घरात कोणी बोलत नसे. विचारले तर आजी उठून आत जाई. कागदांवरून कळले की इ. स. १९३६ मध्ये त्यांनी नादारीचा अर्ज केला होता आणि १९३९ मध्ये त्यांना ऋणमुक्तीचा हुकूम मिळाला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक, कायद्याचा पदवीधर नव्हे. तथापि ते कागद समजून घेण्यासाठी जे वाचावे लागले त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे. ज्ञातिबांधवांनी तो त्याच भावनेने वाचावा.

आपल्या धर्मशास्त्रात ऋण हे नुसते व्यवहारातले देणे नव्हे; ते न फेडता मरणाऱ्यास परलोकीही सुटका नाही, अशी कल्पना आहे. म्हणून बापाचे ऋण पुत्राने फेडणे हे पुण्यकर्म ठरले. शास्त्रकारांनी धनकोवरही काही बंधने घातली. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर सांगितला, म्हणजे वर्षाचा दर पंधरा टक्के झाला. व्यापाऱ्यांस पाच, अरण्यातून जाणाऱ्यांस दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस. धोका जितका अधिक तितका दर अधिक, हे तत्त्व त्याला पुरते ठाऊक होते. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियमही स्मृतींतलाच आहे, आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना पुढेही लागू केला. मात्र वसुलीच्या प्रकरणी मनुस्मृती मृदू नाही. धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल असे पाच उपाय तिने धनकोस दिले आहेत. शिवाय तेथे एक गोष्ट आहे, ती ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लपविणे बरे नव्हे: समान वा खालच्या जातीच्या ऋणकोने अंगमेहनत करून कर्ज फेडावे आणि उच्च जातीच्याने सवडीने, हळूहळू द्यावे, असा तो दंडक आहे. कर्जापायी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबून आयुष्ये काढली, त्यांचा उगम शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील वारली समाजात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत, ही चाल तर विसाव्या शतकातली.

मराठेशाहीत 'आचरित' म्हणजे काय याचे नमुने पाहावयास मिळतात. धनको ऋणकोच्या दारी धरणे धरून बसे. तो उपाशी राही आणि तो उठेपर्यंत ऋणकोसही अन्न घेता येत नसे. इ. स. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या धरण्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. ही रीत त्रासाची खरी, परंतु तिच्यात एक गोष्ट होती. धनको आणि ऋणको समोरासमोर असत. एकाची भूक दुसऱ्यास दिसे. आणि गावचे चार लोक मध्ये पडून हप्ता ठरवून देत.

इंग्रजी अमलाने हे धरणे उठविले आणि त्याच्या जागी स्टँपाचा कागद, फिर्याद, हुकूमनामा, जप्ती व दिवाणी तुरुंग ही साधने आणली. धनकोने रोजचा भत्ता भरला की कर्जापायी माणूस तुरुंगात घालता येई. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांत इ. स. १८२८ च्या आणि मग १८४८ च्या पार्लमेंटच्या कायद्याने नादारांसाठी वेगळे न्यायालय होते; कारण तेथे इंग्रज व्यापारी होते आणि दिवाळी त्यांचीही निघत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा ओतला गेला, शेअरांचा सट्टा माजला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे उलटले, तेव्हा शहरातील भल्या भल्या घराण्यांनी या न्यायालयाचा आसरा घेतला. त्यांच्यासाठी त्याच वर्षी एक खास कायदाही तातडीने झाला. मुलुखातील कुणब्याला मात्र असा कोणताही दरवाजा नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला, पण परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि लिहिता-वाचता न येणारा शेतकरी त्यावर नांगराची निशाणी करू लागला.

एका बाबतीत सरकारने लवकर हात घातला, त्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. मुंबई इलाख्यात पुत्रास बापाकडून काही मिळो वा न मिळो, त्याने ते कर्ज फेडलेच पाहिजे, असा हिंदू कायद्याचा अर्थ केला जाई. इ. स. १८६६ च्या मुंबईच्या सातव्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने जेवढी मिळकत हाती येईल तेवढ्यापुरतीच राखली. कायद्याच्या पुस्तकात ही ओळ आज दीडशेहून अधिक वर्षे आहे, तरी बापाच्या हातउसन्या कर्जासाठी स्वतःची पगाराची रक्कम देणारी मुले मी आजही पाहतो. २००५ च्या हिंदू वारसा सुधारणा कायद्याने तर केवळ पुत्रधर्म म्हणून पित्याचे नवे कर्ज मुलाकडून वसूल करण्याचा धनकोचा हक्क कोर्टाने मानू नये असे स्पष्टच सांगितले.

कापसाचा भाव उतरला, शेतसारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत माणसे मारण्यापेक्षा खते, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्याकडे लोकांचा कल होता, आणि जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा त्यास इजा झाली नाही. नादारीचा कायदा ज्यांच्यापर्यंत पोचला नव्हता त्यांनी आपली नादारी स्वतःच जाहीर केली, असे मी याला म्हणेन. इतिहासकार याला दंगे म्हणतात, ते म्हणोत.

चौकशीसाठी आयोग बसला. १८७७ च्या दिवाणी संहितेत मुलुखातील ऋणकोंसाठी नादारीचे प्रकरण प्रथम आले, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा प्रसिद्ध कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करणे त्याने बंद केले. गहाण नसलेली जमीन विकणे बंद केले. खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्यातून सुटण्यासाठी सावकारांनी कर्जखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली, हेही तितकेच खरे.

शेतकरी नसलेल्या सामान्य माणसास, म्हणजे कारकून, शिंपी, दुकानदार, शिक्षक यांस, उपयोगी पडणारा कायदा आला तो १९०७ चा, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. (मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा.) आजोबांचे कागद या १९२० च्या कायद्याखालचे आहेत. १९२९ नंतर जगभर मंदी आली, धान्याचे भाव कोसळले, शेतकऱ्यांकडील उधारी वसूल होईना, आणि पेठेतील घाऊक व्यापाऱ्यांचे आजोबांकडील देणे तीन हजार दोनशे रुपयांवर गेले. दोघांनी हुकूमनामे मिळविले. त्यांपैकी एकाने अटकेचे वॉरंट काढले.

येथे कायद्याची एक तरतूद आहे ती मला वाचताना फार हृद्य वाटली. अटक करून ऋणकोस कोर्टापुढे उभे केले म्हणजे, 'तुला नादारीचा अर्ज करता येतो, तू लबाडी केली नसशील तर तुझी सुटका होऊ शकते', हे न्यायाधीशाने स्वतः त्यास सांगितले पाहिजे, असे १९०८ च्या दिवाणी संहितेत लिहिले आहे. आजोबांना हे कोर्टातच प्रथम कळले असावे, कारण अर्जाची तारीख त्या हजेरीनंतर अवघ्या नऊ दिवसांची आहे.

अर्जासाठी देणे पाचशे रुपयांचे असावे, किंवा ऋणको अटकेत असावा, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती असावी, एवढे पुरे. सर्व धनकोंची व सर्व मालमत्तेची खरी यादी द्यावी लागते. कोर्टाने नादार ठरविले की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि मग कोणा एकाच धनकोस परस्पर झडप घालता येत नाही; सर्वांस आपापल्या प्रमाणात मिळते. धरण्याच्या काळी जो आधी येऊन बसे त्याचे आधी वसूल होई. दोन पद्धतींत मला महत्त्वाचा वाटतो तो हा फरक.

रिसीव्हरने केलेली यादी ट्रंकेत आहे. राहते घर लिलावास गेले. शेतकऱ्याचे घर व गोठा जप्तीतून सुटतात, दुकानदाराचे सुटत नाही. आजोबा गहू पिकविणाऱ्यांस कापड विकत, स्वतः गहू पिकवीत नसत. कापडाचे तागे गेले, तागडी गेली, तांब्याचा मोठा हंडा गेला. त्याखाली 'सोडलेल्या वस्तू' असे शीर्षक आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, पत्नीचे मंगळसूत्र, आणि शिवणयंत्र एक. संहितेने कारागिराची हत्यारे व धर्माचाराप्रमाणे स्त्रीस अंगावरून काढता येत नाहीत असे अलंकार जप्तीतून वगळले आहेत. आजोबा दुकानात ग्राहकांस पैरणी शिवून देत, म्हणून कोर्टाने त्यांस कारागीर मानले. कोणा वकिलाने हा मुद्दा मांडला ते कागदावरून समजत नाही. आमचे घराणे पुढे त्या यंत्रावर जगले.

विक्रीतून धनकोंस रुपयास पाच आणे पडले. मालमत्ता रुपयास आठ आणे भरली नाही तर पूर्ण मुक्तता देऊ नये, असा कायद्याचा नियम आहे. मात्र ऋणकोच्या हाताबाहेरच्या कारणाने तसे झाले असे त्याने दाखविले तर देता येते. भावांची मंदी हे कारण कोर्टाने मान्य केले आणि १९३९ मध्ये मुक्ततेचा हुकूम दिला. उरलेले रुपयामागे अकरा आणे, म्हणजे बावीसशे रुपये, कायद्याने संपले.

आजोबांच्या लेखी ते संपले नव्हते. ट्रंकेतील ती लांबट वही त्याचीच आहे. १९३९ पासून १९५२ पर्यंत प्रत्येक धनकोच्या नावे दरमहा दोन, तीन, कधी पाच रुपये जमा केल्याच्या नोंदी आहेत. एका व्यापाऱ्याने १९४६ मध्ये पैसे घेण्याचे नाकारले. 'कोर्टाने मिटविले, माझ्या वहीत आता ते खाते नाही', असे तो म्हणाल्याचे आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच नावे तीन रुपये मांडले आहेत. ते कोठे ठेवले, कोणाहाती दिले, नोंद नाही.

ही वही प्रथम वाचली तेव्हा मला अभिमान वाटला. दोन-तीन समारंभांत मी तिच्याविषयी बोललोही. नंतर वडिलांच्या शाळेचा दाखला हाती आला. मराठी पाचवी, जून १९३९, शाळा सोडण्याचे कारण 'घरची अडचण'. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ते काजे करीत, बटणे लावीत, आणि रात्री आजोबांबरोबर त्याच यंत्रावर बसत. ज्या साली कोर्टाने घर कर्जातून सोडविले त्याच साली वडिलांना शाळेतून काढले, कारण कायद्याने माफ केलेले कर्ज फेडावयाचे होते. मी चौतीस वर्षे शिक्षकी केली. शाळा सोडलेल्या मुलांना परत आणण्यासाठी वस्त्यांवर फिरलो. आणि माझ्याच घरच्या वहीत एका मुलाचे शिक्षण महिना तीन रुपये दराने खर्ची पडलेले मला दिसले नाही. आजोबा चुकले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु आता मी ती गोष्ट अभिमानाने सांगत नाही.

आणि एवढे करूनही समाजाने काय केले? आत्याचे ठरलेले लग्न 'दिवाळखोराचे घर' म्हणून मोडले. ज्ञातिभोजनात आजोबांना आग्रह होईनासा झाला. कर्जाची शेवटची पै फिटली तेव्हा १९५२ साल होते, पण आमच्या घरास लागलेले ते विशेषण माझ्या लहानपणापर्यंत चालू होते. कायद्याची मुक्तता तीन वर्षांत मिळाली. ज्ञातीची मिळावयास तीस लागली. हे मी कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही, ती माणसे आता हयात नाहीत.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १९३१ च्या मजूरविषयक शाही आयोगास असे आढळले की कारखान्यातील कामगारांची दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे देणे तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे. त्यानंतर १९३६ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन, ऐपत असून जो देत नाही किंवा मालमत्ता लपवितो त्यालाच तुरुंगात घालता येईल, असे ठरले. १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्याने १८७९ च्या कायद्याची जागा घेतली. १९७६ मध्ये वेठबिगारी देशभर रद्द झाली, आणि महाराष्ट्रात लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे कायद्याने माफ झाली. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ मध्ये हरले. त्या निकालाचे लेखक न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीच १९८० मध्ये, कर्ज फेडण्याची ऐपत नसणे हा गुन्हा नव्हे आणि केवळ दारिद्र्यापायी माणसास तुरुंगात घालणे घटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने बेकायदा सावकाराने मागील पंधरा वर्षांत बळकावलेली जमीन परत मिळण्याची सोय केली.

मग २०१६ मध्ये नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांसाठी ती लगोलग सुरू झाली. व्यक्तींसाठी तीत तिसरा भाग आहे आणि तो वाचावयास चांगला आहे: नादार ठरल्यानंतर साधारणतः एका वर्षात मुक्तता, आणि अगदी गरिबांसाठी 'नव्या प्रारंभाची' वेगळी वाट. त्या वाटेसाठी वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसावे, अशा अटी आहेत. आजच्या दिवसांत साठ हजारांत वर्ष काढणाऱ्या माणसास पस्तीस हजार कोण उधार देतो, हा प्रश्न मला पडला. परंतु तो विचारण्याची वेळच आलेली नाही. १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू झाला. तुमच्या-आमच्यासाठी, हे लिहीपर्यंत, तो लागू केलेला नाही. सामान्य गृहस्थास आजही १९२० चाच कायदा, आणि मुंबई शहरात १९०९ चा. आजोबा ज्या दारातून आत गेले तेच दार.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आता सांगतो. गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एक तरुण, माझा विद्यार्थी, एका रात्री घर सोडून गेला. धंद्यासाठी घेतलेले थोडे कर्ज, ते फेडावयास क्रेडिट कार्ड, ते भरावयास मोबाईलवरून मिनिटात मिळणारे आणखी कर्ज, असे ते वाढत गेले. वसुलीची माणसे दारात येऊन मोठ्याने बोलत, नातेवाइकांस फोन करीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँकांना व वित्तसंस्थांना बजावले आहे की, वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी वा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकी वा बदनामी करू नये; पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या आईने मला सारे सांगितले ते तो गेल्यानंतर. 'मास्तर, पोलीस धरून नेतील असं तो म्हणायचा', असे ती म्हणाली. साध्या कर्जापायी पोलीस नेत नाहीत हे तिला ठाऊक नव्हते. तो अद्याप परतलेला नाही.

म्हणून, ज्यास गरज पडेल त्याने वकिलाकडे जाण्यापूर्वी इतके जाणून असावे. नादारीने तारण दिलेल्या घरावरील वा वाहनावरील बँकेचा हक्क नाहीसा होत नाही. सरकारी देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. मित्राच्या कागदावर सही करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. न वटलेल्या धनादेशाची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल १९८९ पासून तो फौजदारी गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून हाती पैसे नसताना तारखा घालून चेक देऊन ठेवणे हे कर्जाहूनही वाईट. यादीतून एखादा दागिना वा खाते लपविणे हाही गुन्हाच. नादार ठरल्यानंतर मुक्तता होईपर्यंत आपली स्थिती न सांगता नवी उधारी करता येत नाही, आणि मुक्ततेचा अर्ज कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत करावा लागतो, नाहीतर सारे रद्द होते. काम जिल्हा न्यायालयात चालते आणि वेळ खाते.

ज्ञातिसंस्थांना या कामी काही करता येते की नाही, अशी शंका कोणी घेईल. २७ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत सारस्वत समाजातील श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. ज्ञातीतील अडलेल्यास सावकाराच्या दारी न जाता कर्ज मिळावे हा तिचा हेतू होता, आणि पुढे तिची मोठी बँक झाली. आपल्या संघाचा शिष्यवृत्ती निधी आहे, वधूवर सूचक केंद्र आहे. महिन्यातून एका रविवारी एखाद्या निवृत्त वकिलाने कार्यालयात बसावे आणि येणाऱ्याचे नाव वहीत लिहू नये, इतकी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे मांडली आहे. ती विचाराधीन आहे.

रिसीव्हरची यादी, मुक्ततेचा हुकूम आणि वहीची काही पाने यांच्या प्रती, धनकोंची नावे झाकून, मी संघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. असे कागद इतर घरांतही ट्रंकांच्या तळाशी असतील याविषयी मला शंका नाही. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते लाजेने जाळू नयेत. मला पाहावयास द्यावेत, मी स्वतः येऊन नेईन व जसेच्या तसे परत आणून देईन.